हसण्याची मर्यादा

कलेच्या व्यवहारात अंमलदाराने ढवळाढवळ केली म्हणजे काय होते, हे विनोदाने दाखवणारा एक बोलपट १९३८ साली सोव्हिएत रशियात निघाला. नाव ‘व्होल्गा-व्होल्गा’, दिग्दर्शक ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह. वरवर पाहता तो नाचगाण्यांचा खेळ. पण त्यातील हशामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

कथा घडते मेल्कोवोद्स्क या काल्पनिक गावी. या नावातच उथळ पाण्याचा अर्थ आहे. तेथे बिवालोव्ह नावाचे साहेब लहान उद्योगांचा कारभार पाहतात. त्यांच्या हाताखाली बाललायका नावाची तंतुवाद्ये तयार होतात. पण साहेबांचे चित्त वाद्यांत नसून मॉस्कोला मिळणाऱ्या बढतीत आहे. अशात हौशी कलावंतांच्या मॉस्कोतील स्पर्धेसाठी मंडळी पाठवावीत, अशी तार येते. साहेबांचे मत ठाम : या गावात गुणी माणूस कोठला? तार आणणारी टपालवाली स्त्रेल्का मग गावालाच उभे करते. आचारी, पोलीस, जो तो साहेबांसमोर गाऊ-नाचू लागतो आणि साहेब पळ काढू पाहतात! पुढे यात आपलाच लाभ आहे हे ध्यानी येताच तेच साहेब जुनाट आगबोटीत अभिजात संगीताचा वाद्यवृंद घालून मॉस्कोला निघतात.

इगोर इल्यिन्स्की या नटाने रंगवलेला हा बिवालोव्ह दुष्ट नव्हे. त्याला कलेचा द्वेष नाही; त्याला ती ऐकूच येत नाही. वरून कागद आला की कला आहे, न आला की नाही, एवढाच त्याचा हिशेब. म्हणून आपण त्याला पोटभर हसतो.

पण हे हसू कोठवर चालले? हा बोलपट स्टालिनचा अत्यंत आवडता होता. १९४१ साली त्याला स्टालिन पारितोषिकही मिळाले. गावचा साहेब हास्यास्पद ठरला, तरी मॉस्कोच्या आसनाला त्याची झळ लागत नव्हती. पडद्याआडची हकीगत मात्र हसण्यासारखी नाही. पटकथाकारांपैकी निकोलाय एर्दमान याला १९३३ सालीच अटक करून सैबेरियात धाडले होते. छायालेखक व्लादिमिर निल्सेन याला १९३७ साली, चित्रण चालू असतानाच अटक झाली आणि १९३८ च्या जानेवारीत गोळी घालण्यात आली. श्रेयनामावलीतून त्याचे नावही पुसले गेले.

स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५६ साली, एल्दार रियाझानोव्ह यांच्या ‘कार्निव्हल नाइट’मध्ये हेच इल्यिन्स्की पुन्हा साहेब झाले. हे साहेब तरुणांच्या नववर्षाच्या जलशातील रंगत काढून त्यात एक व्याख्यान घुसवतात! व्याख्यानाला जमलेल्या आपणांस हे ऐकून हसू येईल, यावेच. पण अठरा वर्षांनीही तोच नट त्याच खुर्चीत का शोभला, याचा विचार व्हावा. माणसाला हसण्याची मुभा होती, खुर्चीला नव्हती. हसू जेथे वरच्या पायरीपाशी थबकते, तेथे बिवालोव्ह जातात आणि त्यांच्या जागी दुसरे येतात.