इंजिनाचे चिलखत

मे महिना सरत आला की पुण्या-मुंबईच्या गॅरेजांतून एक वेगळीच गडबड सुरू होते. लडाखला किंवा स्पितीला मोटारसायकलवरून जाणारी मंडळी आपापल्या गाड्या सज्ज करून घेत असतात. कोणी जादा दिवे बसवतो, कोणी सामानाच्या पेट्या. या यादीत एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे इंजिनाला संरक्षण देणारे गार्ड. दुकानात दहा नमुने समोर येतात आणि बहुतेक जण दिसायला जो दणकट तो उचलतात. पण ही निवड नुसत्या दिसण्यावर करण्यासारखी नाही. ती कशी करावी, हे आज आपण पाहू.

मुळात हे संरक्षण कशापासून हवे? इंजिनाचे कवच ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे असते. ते हलके असते आणि उष्णता लवकर बाहेर टाकते. पण लोखंडी पत्र्याला जिथे नुसता पोचा येतो, तिथे या कवचाला तडा जातो. त्याच्या तळाशी इंजिनाचे तेल असते. आपले फिटर त्या भागाला चेंबर म्हणतात. पुढच्या चाकाखालून निसटलेला दगड चेंबरवर बसला, तडा गेला, तेल वाहून गेले, की इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा खिंड सुमारे 4,850 मीटर उंचीवर आहे. अशा ठिकाणी चेंबर फुटले तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा उरत नाही. विरळ हवेत, कडाक्याच्या थंडीत उघड्यावर रात्र काढण्याची वेळ येऊ शकते.

गार्ड दोन प्रकारचे असतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. इंजिनाच्या खाली बसते ती बॅश प्लेट. ती दगडाचा मार झेलते. दोन्ही बाजूंना असतो तो नळ्यांचा क्रॅश गार्ड. गाडी आडवी पडली तर इंजिनाच्या बाजूची झाकणे तो जमिनीपासून दूर ठेवतो.

आधी बॅश प्लेट पाहू. 2016 मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्डच्या 411 सीसी 'हिमालयन'चे उदाहरण घ्या. तिचे पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच आहे. साध्या रस्त्यावर हे भरपूर झाले, पण दोघे जण बसले, मागे सामान लादले की हे अंतर कमी होते. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी की पोलादाची? 40 बाय 30 सेंटिमीटरची, 4 मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट साधारण 1.3 किलो भरते. तेवढ्याच आकाराची 3 मिलिमीटरची पोलादी प्लेट 2.8 किलोच्या आसपास जाते. अ‍ॅल्युमिनियम हलके, शिवाय गंजाची फिकीर नाही. पोलादाचा गुण असा, की वाकले तर हातोड्याने ठोकून सरळ करता येते आणि कोणताही गावातला वेल्डिंगवाला ते जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागते, आणि ते सगळीकडे मिळत नाही.

धातू कोणताही असो, प्लेट आणि चेंबर यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा हवी. नाहीतर वाकलेली प्लेटच चेंबरवर दाबली जाईल. तेल बदलण्याच्या बोल्टपाशी भोक हवे, म्हणजे दर वेळी प्लेट उतरवावी लागणार नाही. चिखल-पाणी निथळायलाही भोके हवीत. 2023 मध्ये आलेल्या 450 सीसी हिमालयनचे इंजिन पाण्याने थंड होते. तिच्यावर काही बसवताना रेडिएटरची हवा अडत नाही ना, हेही पाहावे.

आता क्रॅश गार्ड. इथे नळीच्या जाडीपेक्षा महत्त्वाचे हे, की तो कशाला धरलेला आहे. चांगला गार्ड चेसिसला दोन-तीन ठिकाणी पकडतो आणि डावा-उजवा भाग पुढून आडव्या नळीने जोडलेला असतो. त्यामुळे धक्का वाटला जातो. एकाच बोल्टवर लोंबणारा गार्ड पडल्यावर तरफेसारखे काम करतो. सुमारे दोनशे किलोची गाडी त्या एका टोकावर आली की चेसिसचा कान वाकतो किंवा इंजिनाचा पायाच तडकतो. म्हणजे वाचवायला गेलो ते त्यानेच मोडले. गार्ड थोडा वाकलेला चालतो. वाकण्यातच तो धक्का पचवतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. आपण त्याला सर्रास लेगगार्ड म्हणतो, त्यामुळे तो पाय वाचवतो असे वाटते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. 1981 च्या त्यांच्या अहवालात असे आढळले, की गार्डमुळे पावलाच्या आणि घोट्याच्या इजा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या इजा तितक्याच वाढतात. तेव्हा गार्ड इंजिनासाठी. पायांसाठी गुडघ्याचे पॅड आणि घोट्यापर्यंतचे बूट. गार्डवर पाय टाकून बसण्याची हौस तर टाळलेलीच बरी.

बसवताना घाई नको. गार्डसाठी इंजिनाचा लांब बोल्ट काढावा लागत असेल, तर आधी खाली लाकडी ठोकळा किंवा जॅक लावून इंजिनाचा भार तोलून धरा आणि एका वेळी एकच बोल्ट काढा. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यांवर चढवा, गार्ड सरळ बसला याची खात्री करा, मगच एकेक करून आवळा. भोके जुळत नाहीत म्हणून गार्ड ठोकून बसवू नका. तो ताण कायम चेसिसवर राहतो. आवळणी गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने, टॉर्क पान्याने करावी. थरथरीने सैल होणाऱ्या बोल्टांना आटे धरून ठेवणारे द्रावण लावावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत स्टेनलेस बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला खातो, तेव्हा आट्यांना थोडे ग्रीस हवे. मात्र ग्रीस आणि ते द्रावण एकाच बोल्टावर लावू नये.

मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. पुढचे शॉकअप दाबून चाक कुठे घासत नाही ना, ते बघा. बूट घालून ब्रेक आणि गिअरवर पाय नीट जातो का, तेही तपासा. शेवटी दोघा-तिघांनी धरून गाडी जुन्या टायरवर हळूच आडवी करावी. आधी काय टेकते, गार्ड की इंजिनाचे झाकण, हे डोळ्यांनी दिसते. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. हे सगळे लेहला निघायच्या आदल्या रात्री नको, निदान दोन आठवडे आधी करा. ताम्हिणीच्या किंवा वरंधच्या घाटात एक फेरी मारली, तर काय सैल होते, काय घासते, ते घराजवळच कळेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)