वाळूवर उभारलेलें पोर्ट रॉयल

कॅरिबियन समुद्रांतील जमैका बेटाच्या दक्षिण किनाऱ्यापासून वाळूचा एक अरुंद, लांबच लांब दांडा समुद्रांत गेलेला आहे. त्यास पॅलिसेडोझ म्हणतात. त्याच्या आडोशामुळें किंग्स्टनच्या बंदरांत जहाजें निर्धास्त उभीं राहतात. दांड्याच्या अगदीं टोंकावर पोर्ट रॉयल हें कोळ्यांचें लहानसें गांव आहे. सतराव्या शतकांत मात्र इंग्रजांच्या अमेरिकेंतील वसाहतींत याच्याइतकीं धनाढ्य शहरें थोडींच होतीं.

1655 सालीं इंग्रजांनीं हें बेट स्पेनपासून जिंकलें. बंदराचें तोंड राखावयाचें, तर किल्ला या टोंकावरच हवा होता. शिवाय पाणी किनाऱ्यालगतच खोल, त्यामुळें मोठीं गलबतें थेट धक्क्यास लागत. साखर, आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांची विक्री आणि स्पॅनिश जहाजांची लूट यांवर शहर फुगलें. रक्षणास आरमार अपुरें, म्हणून गव्हर्नरांनीं चांच्यांनाच परवाने दिले. 1671 सालीं पनामा लुटणारा हेन्री मॉर्गन तर पुढें उपगव्हर्नर झाला! चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या याच.

जागा पुरेना, तेव्हां लोकांनीं विटांचे मजल्यावर मजले चढविले. पाया मात्र वाळूचाच राहिला.

7 जून 1692 रोजीं दुपारच्या सुमारास भूकंप झाला. भिजलेल्या वाळूचे कण एकमेकांवर टेकलेले असतात व मधल्या फटींत पाणी असतें. जोराचे हादरे बसले, कीं कणांचा परस्परांचा आधार सुटतो, सारा भार पाण्यावर येतो आणि घट्ट भासणारी जमीन चिखलाप्रमाणें वाहूं लागते. हादरे थांबतांच ती पुन्हां आवळते. रस्त्यांत गळ्यापर्यंत रुतलेलीं माणसें त्या आवळण्यानें चिरडलीं गेलीं. सुमारें दोन-तृतीयांश शहर पाण्यांत गेलें. त्या दिवशीं दोन हजारांच्या आसपास लोक मेले. मागाहून रोगराईनें निदान तितकेच.

हें पापाचें फळ, असें धर्मोपदेशकांनीं सांगितलें. परंतु दारूच्या गुत्त्यांबरोबर चर्चहि बुडालें. उलट, लुई गाल्डी नांवाच्या व्यापाऱ्यास जमिनीनें गिळलें, दुसऱ्या धक्क्यानें समुद्रांत फेकलें, आणि तो 1739 पर्यंत जगला, असें त्याच्या थडग्यावर कोरलेलें आहे. वाळूस पापपुण्य कोठून कळणार?

वांचलेल्यांपैकीं पुष्कळांनीं पलीकडच्या किनाऱ्यावर किंग्स्टन वसविलें. 1703 सालीं पोर्ट रॉयल जळालें, व उरलासुरला व्यापारहि तिकडे गेला. बुडालेल्या घरांच्या भिंती व फरशा मात्र उथळ पाण्याखालीं राहिल्या. 1959 सालीं तेथें खिशांतील एक घड्याळ सांपडलें. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत त्याचे कांटे 11 वाजून 43 मिनिटांवर दिसले. 2025 सालीं युनेस्कोनें या अवशेषांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.