मौन म्हणजे संमति काय ?

टपालवाला घरोघर पत्रें पोंचवितो. पण कोणास कोठून पत्र येतें याची यादी करून ती तो व्यापाऱ्यांस विकूं लागला, तर त्यास कोण बरें म्हणेल ? इंटरनेटची जोडणी पुरविणारी कंपनी या टपालवाल्याच्याच जागीं आहे. आपण जें संकेतस्थळ उघडतों, त्याची मागणी तिच्याच हातून पुढें जाते. हल्लीं बहुतेक मजकूर सांकेतिक रूपांत जात असल्यामुळें पाकिटाच्या आंतलें तिला वाचतां येत नाहीं. परंतु वरचा पत्ता बहुधा दिसतोच. कोणी रोज रात्रीं एखाद्या रोगाविषयींचें अथवा कर्ज देणाऱ्या पेढीचें संकेतस्थळ उघडीत असेल, तर नुसत्या पत्त्यांवरून त्याच्या घरची चिंता कळते. जाहिरातदारांस हीच माहिती मोलाची वाटते.

यास आळा घालण्यासाठीं अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगानें ता. २७ ऑक्टोबर २०१६ रोजीं तीन विरुद्ध दोन मतांनीं नियम केले. ग्राहकानें पाहिलेलीं संकेतस्थळें, त्याचा ठावठिकाणा, त्याची प्रकृति, त्याचा पैसाअडका यांविषयींची माहिती जाहिरातीसाठीं वापरण्यापूर्वीं किंवा दुसऱ्यास देण्यापूर्वीं कंपनीनें त्याची स्पष्ट परवानगी घ्यावी, हें त्यांचें सार. ग्राहक गप्प राहिला, तर परवानगी नाहीं असेंच समजावयाचें होतें.

गूगल, फेसबुक यांवर असें कडक बंधन नाहीं, मग आम्हांवरच कां, असा कंपन्यांचा आक्षेप होता. तो अगदींच पोकळ नव्हता. पण एक संकेतस्थळ सोडून दुसऱ्याकडे जातां येतें. अमेरिकेंतील पुष्कळ ठिकाणीं वेगवान जोडणी देणारी कंपनी मात्र एकच असते. तिला सोडून जावें कोठें ?

तथापि मुख्य नियम अंमलांत येण्यापूर्वींच ते रद्द करण्याचा ठराव सिनेटनें २३ मार्च २०१७ रोजीं ५० विरुद्ध ४८, व प्रतिनिधिगृहानें २८ मार्च रोजीं २१५ विरुद्ध २०५ मतांनीं संमत केला. ३ एप्रिल रोजीं अध्यक्ष ट्रंप यांनीं त्यावर सही केली. ज्या १९९६ च्या कायद्यान्वयें हें घडलें, त्याप्रमाणें विधिमंडळानें नवा कायदा केल्यावांचून आयोगास तशाच स्वरूपाचे नियम पुन्हां करतां येत नाहींत. पुढें मेन या राज्यानें २०१९ सालीं आपल्यापुरता कायदा केला, व १ जुलै २०२० पासून तेथें ग्राहकाची स्पष्ट परवानगी आवश्यक झाली.

मौन हें संमतीचें लक्षण, असें आपण म्हणतों. परंतु ज्यास प्रश्नच विचारला नाहीं, त्याच्या मौनास संमति कसें म्हणावें ? साऱ्या वादाचें मर्म एवढेंच आहे. आणि जेथें प्रश्न विचारला जातो, तेथें "मान्य आहे" ही कळ दाबण्यापूर्वीं आपण काय मान्य करीत आहों, तें मुलांनीं व वडील मंडळींनीं एकत्र बसून वाचावें.