रक्त थांबलं, आजार नाही

गोवंडीहून एका ताईंनी विचारलंय, "ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, मिश्री लावली की येत नाही. मग मिश्रीच बरी ना?"

नाही ताई. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसत नाही, पण आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजतच राहतं.

मूळ कारण म्हणजे हिरडीच्या कडेला साचणारा थर. तो कडक झाला की ब्रशने निघत नाही, डॉक्टरकडूनच काढून घ्यावा लागतो. सफाईने दात सैल होतात, ही भीती मी खूप ऐकतो. दात सैल होतात ते हाड झिजल्याने.

हार्बर लोकलने थेट सीएसएमटीला या, स्टेशनजवळच सरकारी डेंटल कॉलेज आहे. मिश्री सोडा, मऊ ब्रश दोन वेळा करा, आणि शुगरही तपासून घ्या.