कॅमेरा घेतला, आता पुस्तक कोणते?

दादासाहेब फाळके १९११च्या सुमारास हलत्या चित्रांच्या ध्यासाने झपाटले, तेव्हा ही विद्या शिकवणारा गुरू त्यांच्या आसपास नव्हता. स्थिरछायाचित्रण त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिकून घेतले होते. चलच्चित्रणाची मुळाक्षरे मात्र त्यांनी सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपटकर्त्याच्या पुस्तकावरून गिरवली. पुढे १९१२ मध्ये ते लंडनला गेले, हेपवर्थ यांना भेटले, कॅमेरा घेऊन परतले आणि वाटाण्याच्या रोपट्याची वाढ दिवसामागून दिवस टिपत त्यांनी एक छोटा चित्रपट तयार केला. आधी पुस्तक, मग प्रयोग, असा त्यांचा शिकण्याचा क्रम होता.

डिजिटल छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याची आजची अडचण नेमकी उलटी आहे. पुस्तके उदंड आहेत. मोठ्या दुकानात या विषयाचे स्वतंत्र कपाट असते, ऑनलाइन विक्रीच्या यादीला अंत नसतो आणि पदपथावरच्या ढिगाऱ्यात वीस वर्षांपूर्वीच्या फोटोशॉपचे जाडजूड ग्रंथही हाती लागतात. 'संपूर्ण', 'सोपे', 'सात दिवसांत' अशी विशेषणे मुखपृष्ठांवर झळकत असतात. कॅमेऱ्यासाठी चार दुकाने फिरणारा ग्राहक पुस्तक मात्र मुखपृष्ठ पाहून घेतो. प्रस्तुत प्रतिनिधीनेही एकदा तेच केले होते.

चूक कुठे झाली?

ही गोष्ट २०१२ची. पत्रकारितेची पदविका नुकतीच पदरात पडली होती आणि उसनवारीने एक डिजिटल एसएलआर कॅमेरा हाती आला होता. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून फोटोशॉप सीएस ६ या आवृत्तीवरचा सातशे पानी ग्रंथ घेतला. किंमत महिन्याच्या मेसच्या पैशांइतकी. त्यातली बरीचशी प्रकरणे रात्री जागून पुरी केली. नोव्हेंबरात आजीचे सहस्रचंद्रदर्शन होते. कार्यालयातला उजेड बेताचा. फ्लॅश मारला की चेहरे पांढरेफटक येतात म्हणून तो बंद ठेवला आणि 'आयएसओ जितका कमी तितके चित्र स्वच्छ' या ऐकीव ज्ञानावर विसंबून आयएसओ १०० वरच ठेवला. कॅमेऱ्याने बिचाऱ्याने प्रकाश पुरा करण्यासाठी शटर सेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ उघडे ठेवले. तेवढ्या वेळात आजीचे हात हलले, ओवाळणाऱ्यांचे हात हलले, माझेही हलले.

रंग, उजळपणा, कातरणी हे सारे मला नीट करता येत होते. पण हललेला चेहरा पुन्हा स्थिर करण्याची युक्ती त्या सातशे पानांत नव्हती. आयएसओ १६०० वर नेला असता तर शटरचा वेग सोळा पटींनी वाढून सुमारे १/१०० सेकंद झाला असता. चित्रात थोडे कण दिसले असते. आजीही दिसली असती. त्या दिवसाची चित्रे पुन्हा घेणे आता शक्य नाही. पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, अडोबी कंपनीने क्रिएटिव्ह सूटच्या नव्या आवृत्त्या काढणार नसल्याचे जाहीर केले आणि वर्गणीची पद्धत आणली. थोड्याच काळात माझ्या ग्रंथातले पडदे आणि संगणकावरचे पडदे यांचा मेळ बसेनासा झाला.

ज्ञान तीन, आयुर्मान तीन

पुस्तक चांगले की वाईट, हा प्रश्न नंतरचा. त्यातले ज्ञान किती वर्षे टिकणारे आहे, हे आधी पाहावे. छायाचित्रणाच्या पुस्तकांत तीन प्रकारचे ज्ञान असते. प्रकाश, एक्स्पोजर आणि रचना यांचे ज्ञान सहसा जुने होत नाही. विशिष्ट कॅमेऱ्याची बटणे आणि मेनू यांचे ज्ञान तो कॅमेरा हाती असेपर्यंत उपयोगी. संपादनाच्या सॉफ्टवेअरचे ज्ञान सर्वांत अल्पायुषी. नवी आवृत्ती आली की त्याला सुरकुत्या पडतात. आपण सामान्यतः पैसे याच्या उलट क्रमाने खर्च करतो.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रायन पीटरसन यांचे 'अंडरस्टँडिंग एक्स्पोजर'. ते प्रथम १९९० मध्ये, म्हणजे फिल्मच्या जमान्यात निघाले. चौथी आवृत्ती २०१६ मध्ये आली. मधल्या काळात फिल्म जाऊन सेन्सर आला, तरी पुस्तकाचा गाभा तोच राहिला. कारण ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांचे नाते भौतिकशास्त्राचे आहे. एफ/४ वरून एफ/५.६ वर गेलो की आत येणारा प्रकाश निम्मा होतो; शटर १/६० वरून सुमारे १/१२५ वर नेले तरी निम्मा होतो; आयएसओ १०० चा २०० केला की तेवढ्याच प्रकाशात चित्र दुप्पट उजळ येते. हा त्रैराशिकाचा हिशेब ज्याला तोंडपाठ झाला, त्याला कोणत्याही कंपनीचा कॅमेरा परका वाटत नाही.

प्रकाशाची जात ओळखायची तर फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांचे 'लाइट : सायन्स अँड मॅजिक' पाहावे. वस्तूवरून प्रकाश कसा परावर्तित होतो, यावर त्याची सारी मांडणी उभी आहे. काच, धातू, काळे कापड यांची चित्रे का बिघडतात, याची कारणे ते समजावून सांगते. सराफी पेढीसाठी दागिन्यांची चित्रे काढणाऱ्या स्टुडिओवाल्याला यातले एक प्रकरण पुस्तकाची किंमत वसूल करून देईल. चौकटीत काय ठेवावे आणि काय वगळावे, यासाठी मायकेल फ्रीमन यांचे 'द फोटोग्राफर्स आय' (२००७) उपयोगी. ॲन्सेल ॲडम्स यांची 'द कॅमेरा' (१९८०), 'द निगेटिव्ह' (१९८१) आणि 'द प्रिंट' (१९८३) ही त्रयी फिल्मविषयीची असली, तरी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा आधी मनात ठरवून मग बटण दाबण्याची त्यांची शिस्त आजचा हिस्टोग्राम वाचतानाही कामी येते. मात्र ही त्रयी पहिले पुस्तक म्हणून घेऊ नये. रसायनांची प्रकरणे नवख्याला दमवतात.

स्कॉट केल्बी यांचे 'द डिजिटल फोटोग्राफी बुक' (२००६) वेगळ्या वळणाचे आहे. मित्राने शेजारी उभे राहून 'हे असे कर' म्हणावे, तशी प्रत्येक पानावर एक सूचना. सिद्धान्त जवळजवळ नाही. उद्याच लग्नाची चित्रे काढायची असतील तर हे पुस्तक तारून नेते. पण परिस्थिती जराशी बदलली की सूचना अपुरी पडते. तेव्हा असे एक आणि 'का'चे उत्तर देणारे एक, अशी जोडी जमवणे शहाणपणाचे.

संपादनाची पुस्तके कशी पारखावीत?

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, लाइटरूमची २००७ मध्ये. वर्गणीपूर्वीच्या काळात नवी आवृत्ती आली की मार्टिन इव्हनिंग यांच्या 'अडोबी फोटोशॉप फॉर फोटोग्राफर्स' या ग्रंथाचीही नवी आवृत्ती निघत असे. आता सॉफ्टवेअर वर्षातून अनेकदा बदलते. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये नुसत्या शब्दांवरून चित्राचा भाग निर्माण करण्याची सोय आली. त्याआधीच्या पुस्तकांत तिचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नाही. मोफत सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही. गिम्पची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि मूळ चित्राला धक्का न लावता बहुतेक फिल्टर वापरण्याची सोय तिच्यात झाली. जुन्या गिम्पचे पुस्तक ही पद्धत शिकवू शकणार नाही.

मग संपादनाचे पुस्तक घेऊच नये काय? घ्यावे, पण बटणांसाठी घेऊ नये, विचारासाठी घ्यावे. कर्व्हज म्हणजे काय, लेयर आणि मास्क कशासाठी, मूळ फाइल अबाधित का ठेवायची, जेपेग पुन्हा पुन्हा साठवल्याने काय झिजते, या गोष्टी आवृत्तीगणिक बदलत नाहीत. रॉ फाइलचेच पाहा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा उजळवताना रॉ का टिकते आणि जेपेग का फाटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. चांगले पुस्तक आधी हे सांगते आणि मग पट्टी सरकवायला लावते. 'ही पट्टी ३५ वर न्या' एवढेच सांगणारे पुस्तक लेखकाचे चित्र सुधारते, आपले नाही.

बटणे शिकण्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज बहुधा पडत नाही. गिम्प आणि डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरच्या अधिकृत मार्गदर्शिका संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि कॅमेऱ्यांची माहितीपुस्तिकाही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सहसा मिळते. कॅमेऱ्यासोबतची पुस्तिका न वाचता बाहेरून जाड पुस्तक आणणे म्हणजे घरची विहीर सोडून टँकर मागवणे होय.

मोबाइलवर शिकणाऱ्यांसाठी

अनेकांच्या हाती आज कॅमेरा नाही, मोबाइल आहे. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचे ॲपर्चर कायम असते. त्यामुळे ॲपर्चरवरची प्रकरणे त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. पार्श्वभूमी धूसर करण्याचे काम मोबाइल बव्हंशी गणिताने करतो आणि रात्रीचे चित्र अनेक चित्रे एकत्र करून घडवतो. मात्र 'प्रो' पद्धत असलेल्या मोबाइलमध्ये शटर आणि आयएसओ हाताने ठरवता येतात. मोबाइलवाल्याने म्हणून प्रकाश आणि रचना यांचे पुस्तक आधी घ्यावे. खिडकीतून येणारा उजेड मोबाइल आणि महागडा कॅमेरा असा भेद करत नाही.

दुकानात दहा मिनिटे

पुस्तक हाती घेतल्यावर ते अधेमधे उघडावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात.

आवृत्तीचे वर्ष पाहावे. सॉफ्टवेअरचे पुस्तक असेल तर ते कोणत्या आवृत्तीवर आहे, हेही पाहावे.

चित्रांखाली ॲपर्चर, शटर, आयएसओ यांचे आकडे आहेत का, आणि तेच आकडे का निवडले याचे कारण दिले आहे का?

फसलेले चित्रही छापले आहे का? केवळ देखणी चित्रे दाखवणारे पुस्तक दिवाणखान्यात शोभते. चूक दाखवणारे पुस्तक शिकवते.

शेवटी विषयसूची आहे का? ऐन वेळी 'व्हाइट बॅलन्स' शोधायचे तर ती हवीच.

सरावाच्या फाइल सीडीवर असतील तर आपल्याकडे ती वाचणारे यंत्र आहे का? संकेतस्थळावर असतील तर दुवा अजून चालतो का, हे मोबाइलवर तिथेच तपासावे.

स्वस्त आवृत्तीत रंगीत चित्रे कृष्णधवल छापली असतील तर रंगसंस्कारावरचे पुस्तक घेऊ नये.

छपाईसाठी चित्र किती मोठे हवे, हे सांगितले आहे का? १२ बाय १८ इंचांचे चित्र ३०० पीपीआयने छापायचे तर ३६०० बाय ५४००, म्हणजे सुमारे एक कोटी ९४ लाख पिक्सेल लागतात. लग्नाचे अल्बम करणाऱ्याला हा हिशेब यायलाच हवा.

भाषेचा प्रश्न उरतो. इंग्रजीची भीती वाटणाऱ्याने मराठी पुस्तकापासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र ॲपर्चर, शटर, लेयर हे शब्द जसेच्या तसे ठेवणारे पुस्तक निवडावे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'छिद्रमान' असा शब्द उमटत नाही.

कुठे थांबायचे?

संपादनाच्या पुस्तकाची आणखी एक कसोटी आमच्या व्यवसायाने शिकवली. ऑगस्ट २००६ मध्ये बैरुतवरील हल्ल्याच्या एका छायाचित्रात धुराचे लोट संगणकावर वाढवल्याचे उघड झाले. रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याची सर्व ९२० छायाचित्रे आपल्या संग्रहातून काढून टाकली. चित्राचा काही भाग दुसरीकडे उमटवण्याची ती युक्ती फोटोशॉपच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. ती कोठे वापरू नये, हे सांगणारी पुस्तके थोडी. चेहऱ्यावरची पुटकुळी काढणे, जुन्या चित्रावरची चीर बुजवणे आणि घडलेली घटना बदलणे यांतला फरक समजावणारे पान असेल, तर ते पुस्तक विश्वासू समजावे.

खर्चाचा क्रम

थोडक्यात, पहिले पुस्तक एक्स्पोजरचे. ते विकत घ्यावे, कारण ते दहा वर्षे पुरेल. दुसरे प्रकाशाचे किंवा रचनेचे. ते आधी ग्रंथालयातून आणून पाहावे. संपादनाचे पुस्तक तिसरे, आणि तेही चार-सहा महिने स्वतःची चित्रे काढून झाल्यावर. तोवर आपल्याला नेमके काय दुरुस्त करायचे आहे, हे कळलेले असते. दोन पुस्तकांपलीकडे एकाच वेळी जाऊ नये. प्रत्येक प्रकरणानंतर कॅमेरा घेऊन घराबाहेर पडावे.

माझा तो सातशे पानी ग्रंथ अजून कपाटात आहे. त्याच्या मलपृष्ठाच्या आत पेन्सिलने एक ओळ नंतर लिहून ठेवली आहे : आयएसओ १६००, १/१०० सेकंद. पुढच्या खेपेला घरातल्या कोणाचे सहस्रचंद्रदर्शन असेल, तेव्हा ती उपयोगी पडेल.