पिसांनी धरलेली हवा

जानेवारीतल्या पहाटे विजेच्या तारेवर पारवे बसलेले असतात, गोलमटोल, मान आत ओढून घेतलेले. ‘हा आजारी दिसतो’ किंवा ‘किती लठ्ठ झालाय बघ’ असं त्यांच्याकडे बघून म्हणणारे बरेच भेटतात. ऊन वर आलं की तासाभरात तोच पारवा सडपातळ दिसू लागतो. तेवढ्यात त्याचं वजन घटलेलं नसतं, की आजार बरा झालेला नसतो. कमी झालेली असते ती पिसांच्या आत धरून ठेवलेल्या हवेची जाडी. पिसांविषयीचे आपले बहुतेक गैरसमज या हवेचा विचार न केल्यामुळेच झाले आहेत, असं मला वाटतं.

‘पिसं मुळातच उबदार असतात.’

पीस केराटिनचं बनलेलं असतं, आपल्या नखांच्या आणि केसांच्या जातकुळीतलं. पूर्ण वाढलं की ते निर्जीव होतं. ते उष्णता तयार करत नाही. ऊब असते पक्ष्याच्या शरीराची, साधारण 40 ते 42 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी जास्त. ती टिकवायचं काम वरच्या पिसांखालची कापसासारखी मऊ पिसं करतात. त्यांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, मोकळे पसरतात आणि त्यांच्यामध्ये हवा खिळून राहते. थांबलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले असत, तिची ऊबही अशीच थरांमधल्या हवेची.

पिसांच्या मुळाशी बारीक स्नायू असतात. थंडी वाजली की ते पिसं उभी करतात आणि हवेचा थर जाड होतो. आपल्या अंगावर काटा येतो, ती हीच क्रिया. आपल्या अंगावर तेवढे केस उरलेले नाहीत म्हणून तिचा आपल्याला उपयोग होत नाही, इतकंच. मात्र भर उन्हाळ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेला पक्षी खरोखर आजारी असू शकतो. एरवी उकाड्यात पक्षी पिसं अंगाला चपटी बसवून हा थर पातळ करतो. घामाच्या ग्रंथी त्याला नसतात, म्हणून मे महिन्यात कावळा चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसतो.

‘पीस हलकं, म्हणजे पिसांचं वजन नगण्य.’

एक पीस हलकं असतं, हे खरं. पण अमेरिकेत सुमारे चार किलोच्या एका बाल्ड ईगलचं मोजमाप झालं, तेव्हा त्याचा सांगाडा भरला जेमतेम 270 ग्रॅम आणि पिसं जवळजवळ 680 ग्रॅम! उत्तर अमेरिकेतल्याच एका टुंड्रा हंसाची पिसं मोजली गेली, ती 25 हजारांवर निघाली.

‘पक्षी पंख वल्ह्यासारखे मारतो म्हणून उडतो.’

शहरावर घिरट्या घालणारी घार बघा. कित्येक मिनिटं एकदाही पंख मारत नाही, तरी वर चढत जाते. वर येणारी गरम हवा तिला उचलते आणि पसरलेले पंख त्या हवेवर तोलले जातात. हे जमतं, कारण पंखाच्या पिसांमधून हवा सहज आरपार जात नाही. वाटेत पडलेलं पंखाचं एखादं पीस दिसलं तर निरखून पाहा. मधली दांडी बहुधा एका कडेला सरकलेली दिसेल. अरुंद बाजू उडताना पुढे असते, वारा कापते. आता पात्याचे तंतू बोटांनी विलग करा आणि मुळाकडून टोकाकडे चिमटीतून हळूच ओढा. फट मिटते. तंतूंना आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांचे सूक्ष्म आकडे पुन्हा एकमेकांत अडकतात. पक्षी दिवसभर चोचीनं पिसं विंचरत बसतो तो नटण्यासाठी नव्हे. त्याला ही वीण रोज दुरुस्त करावी लागते.

एकाच वस्तूची मऊ, सुटी वीण हवा कोंडून ऊब देते आणि घट्ट वीण हवा अडवून उचलून धरते. पिसाची सारी करामत मला यात दिसते.

‘पिसं उडण्यासाठीच निर्माण झाली.’

1996 साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या डायनासोरची ओळख जगाला झाली. त्याच्या अंगावर पिसांचे साधे, लवेसारखे तंतू होते आणि तो उडणारा नव्हता. 2012 मध्ये तिथल्याच युटिरॅनसचं वर्णन प्रसिद्ध झालं. हा सुमारे नऊ मीटर लांब आणि टनाहून जड, तरी अंगावर तशीच लव. म्हणजे पिसं आधी आली, बहुधा ऊब धरण्यासाठी किंवा दिखाव्यासाठी. उड्डाण नंतरचं.

‘तेलामुळे पिसं भिजत नाहीत.’

हे अर्धसत्य आहे. बऱ्याच पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते आणि ते तेल पिसं लवचीक ठेवतं. पण पाण्याचा थेंब अडतो तो मुख्यतः तंतूंमधल्या बारीक, हवेनं भरलेल्या फटींमुळे. पाणकावळ्याच्या पिसांची बाहेरची कड मात्र भिजते. तरंगणं कमी होऊन त्याला बुडी मारणं सोपं जातं, आणि म्हणून तो नंतर पंख पसरून वाळवत बसतो.

माळरानावरच्या पखुर्डी या पक्ष्याची गोष्ट तर लोकांना थापच वाटली होती. तिच्या कुळातला नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी उडत पिल्लांपर्यंत नेतो, असं मीड-वाल्डो या पक्षी-अभ्यासकांनी 1896 मध्ये लिहिलं. दीर्घकाळ अनेकांनी विश्वास ठेवला नाही. 1967 मध्ये केड आणि मॅक्लीन या संशोधकांनी आफ्रिकेतल्या कालाहारीत अभ्यास करून ते खरं असल्याचं दाखवलं. या पिसांचे गुंडाळलेले तंतू ओले झाले की उलगडतात आणि पाणी धरतात. पिल्लं चोचीत पिसं धरून ते पिऊन घेतात.

संक्रांतीच्या दिवसांत मांजानं कापलेला पक्षी सापडला की कुणी तरी मायेनं जखमेवर हळद-तेल लावतं. कृपा करून तसं करू नका. तेलानं तंतू चिकटतात, हवा निघून जाते आणि पक्षी गारठतो. बरा झाला तरी पिसं स्वच्छ होईपर्यंत नीट उडू शकत नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात कोरडं फडकं घालून त्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.