वार्धक्याची हजेरी

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनाचा मुहूर्त साधून, एक शाळा उघडली. तिच्या पटावर साठीपासून नव्वदीपर्यंतच्या स्त्रियांची नावे चढली आणि पुढे ‘आजीबाईंची शाळा’ हेच तिचे नाव सर्वतोमुखी झाले. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ती सुरू केली हे खरे. परंतु मूळ मागणी त्या वृद्धांचीच होती. शिवजयंतीच्या निमित्ताने चाललेले वाचन नुसते ऐकणाऱ्या त्या स्त्रियांना, आपल्यालाही चार अक्षरे वाचता यावीत, अशी इच्छा झाली आणि ती त्यांनी संकोच न करता बोलून दाखविली.

घरची आणि शेतातली कामे उरकल्यावर दुपारी हा वर्ग भरू लागला. अंगावर गणवेशाची गुलाबी साडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी आणि पुढ्यात शिकवायला उभी गावचीच सून. तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती. जिने सुनेला संसाराचे धडे द्यावयाचे, तिनेच सुनेपुढे बसून बाराखडी गिरवावयाची, आणि घरी अडलेले अक्षर नातवंडाने सांगावयाचे, असा हा उलटा व्यवहार. सरकारी कागदावर आजवर अंगठा उठविणाऱ्या हातांनी त्यातूनच सही करावयास शिकावे, हे फळ लहान नव्हे.

या उपक्रमाकडे केवळ साक्षरतेच्या दृष्टीने पाहणे अपुरे होईल. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरामय वार्धक्यासाठी मुक्रर केले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते असे वार्धक्य म्हणजे रोगाचा अभाव नव्हे, तर आपल्याला जे मोलाचे वाटते ते करीत राहण्याचे सामर्थ्य होय. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके नोंदविले, त्यांत मधुमेह आणि रक्तदाब यांच्या पंक्तीला बालपणीचे अपुरे शिक्षण, बहिरेपणा आणि एकाकीपणाही बसविला आहे. कमी ऐकू येते म्हणून आजोबा गप्प बसतात, ते गप्प बसतात म्हणून घरचे त्यांना विचारीनासे होतात, आणि कोणी विचारीत नाही म्हणून ते ओटीवरून हलेनासे होतात. ही साखळी आपण वयाच्या खाती जमा करतो, परंतु तिची पहिली कडी श्रवणयंत्राने आणि दुसरी आपुलकीच्या चौकशीने तोडता येते.

कायद्यानेही आपल्या परीने वृद्धांची तजवीज केली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमान्वये निराधार आईबापांना प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. तथापि हुकूमनाम्याने पैसा वसूल होतो, संभाषण वसूल होत नाही. शिवाय सुखवस्तू घरांतली गोष्ट वेगळीच असते: तेथे वृद्धांना वेळेवर जेवण, औषध आणि विश्रांती सर्व मिळते, पण त्यांच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, आणि आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही ही जाणीव माणसाला संधिवातापेक्षाही लवकर खाटेला खिळविते.

म्हणून वृद्धांची सेवा करावी, एवढे सांगून थांबणे योग्य नाही. त्यांना एखादे काम, एखादी जबाबदारी आणि आपली गैरहजेरी ज्याला जाणवेल असा सोबती मिळाला पाहिजे. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आपले दरवाजे शाळकरी मुलांना उघडावेत, शाळांनी महिन्यातून एखादा तास गावातल्या जाणत्यांच्या हवाली करावा, आणि वाचकहो, तोवर आपण घरच्या वडीलधाऱ्यांकडून एखादी गोष्ट शिकावी आणि त्यांना एखादी शिकवावी. याला ना अनुदान लागते, ना कोणाची मंजुरी.